तीनशे बारा

"तीनशे बारा," दादाराव स्क्रीनकडे बघत म्हणाले. "आज तीनशे बारा जण गोळ्या विकायला आले."

"सोडा न आता ते. बस जाईन तुमची," त्यांच्या पत्नी गयाबाई म्हणाल्या.

वेणी घालता घालता स्वप्ना म्हणाली, "पापा, सब एक साथ डिलीट कर दो न. रोज़ गिनते क्या हो?"

दादारावांनी रोजच्यासारखं तेच केलं. एक कळ दाबली आणि कचरापेटी रिकामी झाली.

तिकडे उत्तरेत, आलमबागच्या एका केंद्र सरकारी कचेरीत ते वरिष्ठ लिपिक होते. वाशीमहून बदलीवर आले आणि तिथल्याच तेलीबाग वस्तीत रुजले. कचेरीत त्यांना फारसं कुणी विचारत नसे. पण 'पर्ची'च्या फोरमवर त्यांचा शब्द चाले. धर्मादाय दवाखान्यांत औषध आणि मात्रा चिठ्ठीवर छापून देणारं हे सॉफ्टवेअर पुण्याच्या प्रसन्नने लिहिलेलं. ते कुणीही फुकट वापरावं, कुणीही सुधारावं. दादारावांना प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. अडलेल्या कंपाउंडरला उत्तर देणं आणि फोरमवरचा कचरा काढणं हे काम मात्र २००८ पासून ते बिनपगारी करत होते. गयाबाई त्याला फुकटची झाडलोट म्हणत आणि पाहुण्यांपुढे कौतुकानं सांगतही.

नव्या माणसाचा पहिला संदेश दादारावांनी वाचल्याशिवाय फोरमवर दिसत नसे. इतकी वर्षं त्यांनी एकूण एक वाचला. मग गोळ्या विकणाऱ्यांनी उच्छाद मांडला, तेव्हा गेल्या दिवाळीत त्यांनी चाळणी बसवली. नव्या माणसाच्या मजकुरात औषधाचं नाव आलं की संदेश थेट कचऱ्यात. दवाखान्यांच्या फोरमवर औषधाच्या नावाला बंदी, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सगळ्यांनी पाठ थोपटली आणि दादारावही सुखावले.

आज चाळणीतून सुटलेला एकच संदेश वाचायचा राहिला होता. त्यात औषधाचं नाव नव्हतं.

'सर, पाँच दिन से लिख रहा हूँ. तब तक हर पर्ची क़लम से ठीक करता रहा. कल मैं छुट्टी पर था. अब जल्दी नहीं है. हरिहर, कंपाउंडर.'

दादारावांनी तो दोनदा वाचला. कचरापेटी तर त्यांनी आत्ताच रिकामी केली होती. मग त्यांनी नोंदवही उघडली. पुसलेल्या संदेशांचं नुसतं शीर्षक तिथे राहतं. हरिहरच्या नावापुढे पाच दिवसांत पाच वेळा तेच शीर्षक होतं, 'नए वर्ज़न में बच्चों का सिरप २.५ की जगह २५ छप रहा है'. प्रत्येकासमोर लिहिलेलं होतं, पुसणारा: दादाराव.

त्यांनी आधी फोरमच्या माथ्यावर सूचना लावली की नवी आवृत्ती कुणीही वापरू नये. मग प्रसन्नला फोन करून सगळं सांगितलं.

प्रसन्नने दहा मिनिटांत आवृत्ती मागे घेतली. दशांशाचं टिंब गळण्याची चूक त्याचीच होती, तो रडवेला झाला होता. मग म्हणाला, "काका, बेचाळीस दवाखान्यांत ही आवृत्ती गेलीय. मी एकेकाला फोन करतो. आणि ती नोंद मी काढून टाकू का? तुमचं नाव कशाला उगाच."

"राहू दे," दादाराव म्हणाले. "त्यानं पाच वेळा सांगितलं होतं, हे कुठंतरी लिहिलेलं असू दे."

त्यांनी हरिहरला लिहिलं, 'बच्चा कैसा है?' उत्तर आलं नाही.

बस गेली. स्वप्ना कॉलेजला गेली. दादारावांनी चाळणी काढून टाकली. दुपारपर्यंत अठ्ठ्याण्णव संदेश साचले, सगळे गोळ्यांचेच. ते एकेक उघडत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि मगच पुसत.

गयाबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि शेजारी येऊन बसल्या. "काय शोधून राह्यले?"

"काही नाही," दादाराव म्हणाले. "वाचतोय."

आणि त्यांनी पुढचा उघडला.