फळीमागची वायर

थोरल्या दिरांनी स्कॅनर उचलला तो दोन बोटांनी, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा. सासऱ्यांच्या हातात तेव्हा निगेटिव्हची पट्टी होती, उजेडाकडे धरलेली.

"बाबा, पुरे झालं आता हे खेळणं. हे जोडलं की सगळं दुकान रांगायला लागतं."

सासऱ्यांनी पट्टी पाकिटात सरकवली, पाकीट खिशात घातलं आणि रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मला किळस आली. स्कॅनरची नव्हे, त्या दोन बोटांची.

हा फोटो स्टुडिओ सासऱ्यांनी उभा केला. आता पुढं काचेचं दार आहे, पांढराफेक उजेड आहे, गुळगुळीत काउंटर आहे. दीर गिऱ्हाइकांशी बोलतात, माझा नवरा कॅमेरा घेऊन बाहेर जातो, मी आतल्या टेबलावर चित्रणाची कापाकाप करते. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासरे. कुणी येतं, म्हणतं, आईचा एकच फोटो होता, तोही पाण्यात गेला. मग सासरे जुन्या पेट्या उपसतात, निगेटिव्ह हुडकतात, पिवळट पडलेल्या स्कॅनरच्या काचेवर ठेवतात. स्कॅनर दमेकऱ्यासारखा घुरघुरत एकेक रेघ उतरवतो. पडद्यावर आधी भांग उमटतो, मग कपाळ, मग डोळे. गेलेलं माणूस असं हळूहळूच परत यावं, अंगणातून उंबऱ्यात, उंबऱ्यातून घरात. स्कॅनर गेला म्हणजे सासऱ्यांची ती खुर्ची गेली, आणि खुर्ची गेली म्हणजे त्यांनी घरी भिंतीकडे बघत बसायचं. हे दिरांनाही ठाऊक होतं.

पण दुकान नवं केल्यापासून माझं काम खरंच रखडत होतं. त्या दिवशी नाटक मंडळाचा व्यवस्थापक बाहेर ताटकळत होता. त्याच्या नाटकाचं चित्रण बाहेरून जोडायच्या नव्या डिस्कवर उतरत होतं, म्हणजे उतरतच नव्हतं. माझी डिस्क, सासऱ्यांचा स्कॅनर, कीबोर्ड, सगळं एकाच हबला, म्हणजे चार-सहा तोंडांच्या एका डबीला जोडलेलं, आणि ती डबी कॉम्प्युटरला. दिरांना कारण सापडलं होतं.

"जुनाटापायी नवं लंगडतं," ते म्हणाले. "पुढं बैलगाडी असली तर मागची मोटार काय करणार?"

"दादा म्हणतोय ते बरोबरच असेल," नवरा म्हणाला. नख कुरतडत म्हणाला, आणि कुरतडलेला तुकडा माझ्या टेबलावर थुंकला.

स्कॅनर मोरीच्या बोळात गेला, ओल्या पोछ्याशेजारी. मी पुन्हा डिस्क चालू केली. किती उतरलं ते दाखवणारी पडद्यावरची हिरवी पट्टी होती तिथंच.

"अजून तसंच आहे," मी म्हटलं.

"तुझ्या बायकोला सांग," दीर नवऱ्याला म्हणाले, मी समोर उभी असताना, "संगतीचा परिणाम जायला वेळ लागतो." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत व्यवस्थापकाला चहा विचारायला गेले. नवराही त्यांच्यामागं.

मी डिस्क हबमधून उपटली आणि सरळ कॉम्प्युटरला खुपसली. पट्टी सुसाट निघाली. म्हणजे डिस्क धड, कॉम्प्युटर धड. खोट मधेच कुठंतरी.

हब वायरीसकट टेबलामागच्या फळीआड होता, कडेशी नुसती त्याची तोंडं दिसायची. मी गुडघ्यांवर बसले आणि हात घातला. आत केसांची गुंतवळं, झुरळांचे पंख, कधीतरी सांडलेल्या चहाचा चिकट थर. बोटांना काय काय लागत होतं त्याला नावं न दिलेलीच बरी. बाहेरून आरसा, आतून उकिरडा. तरी ओढत राहिले. हबची आखूड वायर आली, आणि तिच्या शेपटीला जोडलेली एक लांबलचक करडी वायर. ती मी ओळखली. आमचा मोडीत गेलेला प्रिंटर लांब ठेवता यावा म्हणून घेतलेली जोडवायर.

दुकान सजवताना दिरांनी हब फळीमागं दडवला होता. काचेतून येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबांचा पसारा दिसायला नको म्हणून. आखूड वायर तिथून पोचेना, म्हणून हे ठिगळ.

दोन्ही वायरींची तोंडं मी शेजारी धरली. हबच्या वायरीत निळी जीभ, तिच्यावर धातूच्या पात्यांच्या दोन रांगा. करडीत चार पात्यांची एकच रांग. तेव्हा कुठं उमजलं. हबमध्ये जुन्यांची वाट निराळी, नव्यांची निराळी. स्कॅनर आपल्या वाटेनं खुरडतो, डिस्क आपल्या वाटेनं धावते, कुणी कुणाच्या पायात येत नाही. पण करड्या वायरीच्या पोटात फक्त जुनी वाट होती. तिच्यात शिरलं की नव्यानंही खुरडतच जायचं. म्हाताऱ्याचं सामान लपवायला घातलेली वायरच दुकानाचा गळा आवळत होती.

करडी काढून टाकली. हब टेबलावर सगळ्यांदेखत मांडला, थेट कॉम्प्युटरच्या निळ्या तोंडात जोडला आणि डिस्क परत त्यालाच लावली. मोरीच्या बोळातून स्कॅनर आणला. पोछ्याचं पाणी त्याच्या झाकणावर ठिबकलं होतं.

"राहू दे पोरी," सासरे म्हणाले. "थोरला रागवेल."

"रागवू देत. तुम्ही पट्टी काढा."

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. स्कॅनर घुरघुरला. शेजारी डिस्क आपली धावतच होती. बघता बघता हिरवी पट्टी काठाला लागली.

दीर आत आले ते पडद्याकडेच बघत. "बघा. म्हातारं बाहेर काढलं की नवं कसं पळतं."

नवरा हसला. ते हसू मला चहाच्या थरासारखं चिकटलं.

"दादा, डोळ्यांनी बघितलंत, आता कानांनीही बघा," मी म्हटलं.

घुर्र. ते वळले. मी केसांनी लडबडलेली करडी वायर त्यांच्यापुढं धरली आणि सगळं सांगितलं. ते एक पाऊल मागं सरले.

"असेल," ते म्हणाले. "वायर असेल. पण हे दिसतं कसं ते बघा ना. बाहेरून गिऱ्हाईक बघतंय." आणि फोटो काढताना माणसामागं लावायचं काळं फडकं त्यांनी सासऱ्यांकडे फेकलं. "निदान झाका तरी."

म्हणजे वेगाचं नुसतं निमित्त होतं.

सासऱ्यांनी फडकं मांडीवरून उचललं, चौघडी घातली. "थोरल्या," ते म्हणाले, "लहानपणी तुझं नाक वाहायचं, तेव्हाही मी तुला झाकून नाही ठेवला. पुसला." आणि त्यांनी स्कॅनरची काच पुसली, नीट, कोपऱ्यापर्यंत, आणि दुसरी पट्टी तिच्यावर ठेवली.

दीर डिस्क घेऊन बाहेर गेले. मी मोरीत हात धुतले, पुन्हा धुतले. नवरा टॉवेल घेऊन दारात उभा होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं बहुतेक.

मी हात ओढणीलाच पुसले.