डाव्या कोपराचा रंग

मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. जुनी म्हटल्यावर नाक मुरडू नका, मित्रांनो. आमच्यात जुनेपणालाच भाव असतो. शौकीन लोक मला मुद्दाम पाहायला येतात, नाकाशी धरून चामड्याचा वास घेतात आणि ‘वा!’ म्हणतात. पूर्वी मी त्याने फुगून जात असे. आता कुणी कौतुक केलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगते.

माझं चामडं झाडांच्या सालीच्या पाण्यात वर्षभर भिजवून कमावलेलं आहे. चार पिढ्या हेच काम करणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्या कारागिराने मला हाताने शिवलं. अंगाला त्याने छान तपकिरी रंग दिला, पण दोन्ही हँडलं कोरी, बिस्किटाच्या रंगाची ठेवली. आजोबा रंग द्यायला विसरले, असं मी कित्येक वर्षं समजत होते.

एका मुख्याध्यापिकेने निवृत्तीच्या दिवशी मला हौसेने घेतलं. पण घरी येताच तिची सून म्हणाली, “आई, इतकी भारी वस्तू, जपून ठेवा.” झालं! मी कपड्यात गुंडाळून कपाटात बसले. पुढे सासूबाईंचे पाय थकले आणि त्यांना सांभाळायला एक मावशी आल्या. सासूबाईंनी मला बाहेर काढलं.

“मावशी, दवाखान्याचे कागद हिच्यात ठेवा. कपाटात राहून ही आंबेल आणि घरात बसून मी!”

मग तीन वर्षं आठवड्यातून दोनदा आम्ही तिघी दवाखान्यात जायचो. माझ्या पोटात फाइल, गोळ्या, चष्मा आणि एक जास्तीचा मोजा. मी मावशींच्या डाव्या कोपरात अडकलेली, कारण उजवा हात सासूबाईंच्या कमरेभोवती असायचा.

“आजी, सावकाश. दवाखाना काही पळून जात नाही.”

“तो नाही गं, मीच पळून जाईन एखाद्या दिवशी.”

दोघी जिन्यात थांबून हसायच्या. माझ्या आयुष्यातले तेच खरे कामाचे दिवस होते, पण तेव्हा मला त्याची किंमत नव्हती. औषधांच्या वासाचा मला कंटाळा यायचा.

सासूबाई गेल्या. मावशींना दुसऱ्या एका घरी काम ठरलं होतं. फक्त त्या घरचे लोक फोन करून चौकशी करणार होते. त्याच आठवड्यात सुनेने मला उजेडात धरलं आणि तिला हँडलांवरचा काळपट पट्टा दिसला.

“मावशी, हे काय करून ठेवलंत? तेलकट हात पुसलेत का हिला?”

“नाही हो ताई. आजींनीच दिली होती वापरायला.”

“आता आजी येणार आहेत का सांगायला?”

मावशींनी मला पदराने पुसून पाहिलं. आणि मी? लाज वाटते सांगायला. मलाही वाटलं, हिनेच माझं रूप बिघडवलं. बरी खडसावली! त्यानंतर चौकशीचा फोन आला, तेव्हा सून म्हणाली, “बाई कामाला चांगल्या आहेत. पण लोकांच्या वस्तूंना हात लावायची सवय आहे.” त्या घरच्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. मावशींचं काम गेलं.

पट्टा घासून निघेना, म्हणून सुनेने जुन्या बॅगांच्या एका पारख्याला बोलावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“डाग? अहो, घासू नका, हात जोडतो!” तो ओरडलाच. “हँडलं मुद्दाम कोरी ठेवतात. माणसाच्या अंगानेच ती रंगतात. हा रंग विकत मिळत नाही.” मग त्याने भिंग लावलं. “पण हा मुठीचा रंग नाही, डाव्या कोपराचा आहे. ही वापरणाऱ्या बाईंच्या उजव्या हातात रोज काय असायचं?”

सुनेने त्याच्यापुढे चहा सरकवला.

“बॅग अस्सल असल्याचा दाखला लिहून देतो. त्यावर नाव कुणाचं घालू? जिच्या अंगाने रंगली, तिचं घालायची रीत आहे.”

“सासूबाईंचं,” सून म्हणाली.

तो दाखला आता माझ्याशेजारी काचेच्या कपाटात आहे.

एका दुपारी घरात कुणी नसताना सुनेने मला बाहेर काढून डाव्या कोपरात अडकवलं. पट्टा बरोब्बर जागेवर बसला. तिचा उजवा हात आपोआप उचलला गेला, कुणाला तरी धरायला. मग तिने चौकशी केलेल्या त्या घरी फोन लावला.

“त्या मावशींबद्दल मी चुकीचं बोलले होते.”

“अहो, चार महिने झाले. आम्ही दुसऱ्या बाई ठेवल्या. आता त्यांनाच सांगा ना.”

पण मावशींचा नंबर तिने रागाच्या भरात केव्हाच पुसून टाकला होता. दाखला मात्र तिला बदलता आला असता. तो तिने बदलला नाही. काल पाहुण्यांनी हँडलांवरून बोट फिरवत विचारलं, “हा रंग कुणाचा?” सून माझ्याकडे न पाहता म्हणाली, “सासूबाईंचा.” पाहुणे ‘वा!’ म्हणाले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच मागते, की आपल्या घरातली वस्तू कुणाच्या अंगाने रंगली हे ठाऊक असेल, तर चारचौघांत त्या माणसाचं नाव घ्या. बॅगेलाही तोंड असतं, पण ते नुसतं उघडतं आणि मिटतं. तुम्हाला तर बोलता येतं ना?