टवळी

पाना स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फोडून आत आला, ओट्यावर आपटला आणि उसळून दुधाच्या पातेल्यात पडला. उकळतं दूध माझ्या मनगटावर उडालं. मी ओरडायच्या आत बाहेरून ह्यांचा आवाज आला, "टवळे! मरत का नाहीस एकदाची?"

"तुला नाही," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "तिला."

"कळलं हो मला."

"तो पाना धुऊन बाहेर दे त्याला. शोधायला लागला तर आणखी भडकेल. आणि दूध गाळून घे, काचा असतील."

ती म्हणजे गाडी. माझ्या सासऱ्यांची. ते गेल्यावर पोर्चमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. टायर बसले होते आणि सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. आमचं लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी ताडपत्री ओढून काढली आणि म्हणाले, "हिला मी घरीच उभी करणार. गॅरेजवाल्याचा हात लागू द्यायचा नाही." मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. आपला नवरा हाताने काहीतरी करतो आहे, याचं कुठल्या नव्या नवरीला वाटणार नाही?

आणि ह्यांचे हात होतेही तसेच. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्याचं काम. काच चाकावर धरायची, केसाएवढी घासायची, उजेडात बघायची, पुन्हा धरायची. दिवसभर तेच. घाई नाही, वैताग नाही. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना हात धरून पायरी उतरवून देत. "तुझा नवरा म्हणजे देवमाणूस," असं मला रस्त्यात थांबवून बायका सांगत. मी हसून मान हलवत असे.

तो देवमाणूस संध्याकाळी घरी येई, शर्ट खुंटीला टांगी आणि पोर्चमध्ये जाई. मग जे काही सुरू होई, ते आज इतक्या वर्षांनीही माझ्या कानात आहे. आधी किणकिण, मग खाटखूट, मग धाडधाड. गंजलेला बोल्ट निघाला नाही की हातोडा. हातोड्याने मुंडी तुटली की लाथ. एकदा बॉनेटवर इतके गुद्दे मारले, की पत्र्यावर रक्ताचे ठसे उमटले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात पट्टी बांधून गेले. एकदा जॅकच्या दांड्याने दोन्ही हेडलाइट फोडले. पुढच्या रविवारी तेच हेडलाइट जुन्या बाजारातून शोधून आणून अगदी हळुवार हाताने बसवले. मी पेचकस धरून शेजारी उभी. त्यांनी माझ्याकडे बघून गोड हसून म्हटलं, "आता कशी दिसतेय?" त्या हसण्यावर मी सगळं विसरत असे. खोटं कशाला बोलू?

शेजारी एक बस ड्रायव्हर राहत असत. ते कुंपणावरून डोकावत. "वहिनी, आज टवळीला किती पडल्या?"

"मोजल्या नाहीत, भाऊजी."

"केस करेल हो एखाद्या दिवशी ती!" आणि सगळी गल्ली हसे. मीसुद्धा.

गाडीचं दुखणं मात्र विचित्र होतं. इंजिन उघडून झालं, वायरिंग नवं झालं, गाडी चालू होई, घरघरे, पोर्च निळ्या धुराने भरे, हे टाळ्या पिटत. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आचके देऊन बंद. ड्रायव्हरभाऊजींनी एकदा कार्ब्युरेटर उघडून दाखवला. तळाशी पाण्याचे थेंब पेट्रोलखाली मण्यांसारखे घरंगळत होते.

"पाणी येतंय पेट्रोलमध्ये," ते म्हणाले. "टाकी गंजली असेल. नाहीतर झाकण गळतंय."

ह्यांनी टाकी उतरवली, धुतली, उन्हात वाळवली. झाकण बदललं. नळी बदलली. पेट्रोल दुसऱ्या पंपावरून आणलं, पहिल्या पंपावरच्या माणसाची गचांडी धरून आले. तरी पाणी. त्या संध्याकाळी त्यांनी लांब पेचकस घेतला आणि सीटमध्ये खुपसला. काढला, पुन्हा खुपसला. ब्रेक तपासताना पायाने पेडल दाबायला मी ज्या सीटवर बसत असे, तीच सीट. आतला काथ्या बाहेर लोंबायला लागला तरी हात थांबेना. तोंडातून एक शब्द नाही. शिव्या होत्या तोवर बरं होतं, असं मला वाटलं. मी दारात गोठून उभी होते.

सासूबाईंनी मला दंडाला धरून आत ओढलं. "बघत बसू नकोस. गाडीवर निघतंय ना? निघू दे."

एके दिवशी पहाटे मी लवकर उठले. फुटलेल्या खिडकीला अजून पुठ्ठाच होता, तो बाजूला करून बाहेर पाहिलं. सासूबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. रोजचंच. कुंड्या झाल्या, मग त्या गाडीच्या मागे गेल्या, पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवून काढलं आणि झारीची चोच आत घातली. शांतपणे. जणू तीही एक कुंडीच.

मी अनवाणी धावले. "आई! काय करताय हे?"

त्या दचकल्या नाहीत. झाकण लावलं, पदराने पुसलं. "हळू बोल. उठेल तो."

"अहो, त्या गाडीपायी जीव चाललाय त्यांचा! आणि तुम्ही..."

"त्याचा नाही जात गं जीव. त्याच्यापायी दुसऱ्याचा जातो." त्यांनी डाव्या कानावरचे केस बाजूला केले. तो कान त्यांना ऐकू येत नसे, हे मला माहीत होतं. लहानपणी पडल्या, असं सगळ्यांना सांगत. "थोबाडीत बसली ती. भाताची शितं मोकळी झाली नव्हती म्हणून. तुझ्या सासऱ्यांना कसला छंदच नव्हता गं. त्यांना मी होते."

मी त्यांच्या हातातल्या झारीकडे पाहिलं.

"ह्याचा हात मी लहानपणापासून बघतेय," त्या म्हणाल्या. "बापाचाच आहे. ही गाडी चालू झाली, की दुसऱ्या दिवसापासून तो हात घरात येईल. म्हणून म्हणते, पडू दे बिघडलेली."

आजही मला कुणी विचारलं तर मी तेच करीन. मी त्यांच्या हातातून झारी काढून घेतली. "आई, मला असं नाही जगायचं. हात घरात यायचा असेल तर येऊ दे. मला कळू तरी दे, मी कुणाशी लग्न केलंय."

"हट्टी आहेस," त्या म्हणाल्या. पण त्यांनी पुन्हा पाणी घातलं नाही.

गाडी सुरू झाली. झाली ती झालीच. पहिल्या दिवशी ह्यांनी आम्हा दोघींना बसवून गावाबाहेरच्या रस्त्याने नेलं. खिडक्या उघड्या, वारा नुसता भणाणत होता, हे मोठ्याने गात होते आणि स्टिअरिंगवर ताल धरत होते. इतका देखणा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. मागे सासूबाई दाराची मूठ घट्ट पकडून बसल्या होत्या. ह्यांनी डॅशबोर्डवर थोपटलं आणि म्हणाले, "माझी राणी ती!"

त्यानंतर गाडी टवळी राहिली नाही, राणी झाली. भिंगं पुसायच्या मऊ फडक्याने तिच्या काचा पुसल्या जाऊ लागल्या. संध्याकाळी हे घरी येत, गाडीभोवती फेरी मारत, बॉनेट उघडत, सगळं ठाकठीक बघून बंद करत. मग घरात येऊन बसत. हात मांडीवर. बोटं नुसती चाळवत. सासूबाई त्या बोटांकडे बघत असत.

एके दिवशी मी चहाचा कप पुढे ठेवला.

"टवळे, चहा आहे का हा?"

मी सवयीने पोर्चकडे पाहिलं. खरंच पाहिलं. तेवढ्यात कानशिलावर फटका बसला. मी कपाटावर आदळले, ओठ फुटला, तोंडात खारट चव आली. उठायला गेले तर केस त्यांच्या मुठीत होते. डोकं कपाटावर एकदा आपटलं, पुन्हा आपटलं. तोंडातून एक शब्द नाही. सीटमध्ये पेचकस खुपसताना होता तसाच चेहरा.

आणि बाहेरून काच फुटल्याचा आवाज आला.

मूठ सैल झाली. पुन्हा आवाज आला. आम्ही दोघंही बाहेर आलो, तर सासूबाई जॅकचा दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून गाडीवर घालत होत्या. पुढची काच गेली होती. हेडलाइट गेले. बॉनेट उघडून आतल्या नळ्या, वायरी, जे सापडेल त्यावर दांडा पडत होता. पदर खाली लोळत होता, अंबाडा सुटला होता. एवढीशी बाई, पण पत्रा कागदासारखा चेपत होता.

"आई! अगं, वेड लागलं का तुला?" ह्यांनी त्यांची मनगटं धरली.

त्या धापा टाकत त्यांच्या तोंडावर म्हणाल्या, "ही घे तुझी टवळी. कर नीट. बस हिला बडवत!"

ड्रायव्हरभाऊजी कुंपणाशी आले होते. त्या दिवशी त्यांनी काही विनोद केला नाही.

हे मला काही म्हणाले नाहीत, आईलाही नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, संध्याकाळी आले, शर्ट खुंटीला टांगला आणि पोर्चमध्ये गेले. थोड्याच दिवसांत ती जुनी हाक पुन्हा ऐकू आली, "टवळे! निघ ना बाहेर!" त्यामागून हातोडा.

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "झालं. लागला मार्गाला."

आणि मीही सोडला. माझ्या छातीतून बाहेर पडलेला तो सुस्कारा मी स्वतःच्या कानांनी ऐकला. बाहेर पत्र्यावर घाव पडत होते आणि आत मला बरं वाटत होतं. सासूबाई असंच बरं वाटून घेत म्हाताऱ्या होतील, आणि त्यांच्यामागून मी. मी हातातलं काम ठेवलं आणि कपाटातून पिशवी काढली.

रविवारची दुपार होती. हे गाडीखाली होते, पाय तेवढे बाहेर.

"अहो, मी जातेय. परत येणार नाही."

"बरं. आधी जरा टॉर्च धर इकडे. काही दिसत नाहीये."

मी टॉर्च त्यांच्या पायाशी जमिनीवर ठेवला.

फाटकाशी आले तर सासूबाई चपला घालून उभ्या होत्या. त्यांच्याही हातात पिशवी होती, माझ्यापेक्षा नीट भरलेली.

"आई, तुम्ही कुठं?"

"मग काय इथं गाडी सांभाळत बसू? चल."

रस्त्याला लागल्यावर त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. गाडीखालून एक हात बाहेर आला होता. लांब, निमुळती बोटं, ग्रीसने काळी झालेली. ती जमिनीवर टॉर्च चाचपत होती.