दुपारचा एक

तिच्या सासऱ्यांचा दारांचा कारखाना होता. तिजोरीखोल्या, औषधांची कोठारं, जुने नकाशे जपून ठेवतात तसली दालनं, अशा ठिकाणी बसणारी जाडजूड पोलादी दारं तिथं बनत. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा त्या दारांना किल्ल्या होत्या. पुढे गिऱ्हाइकांना ठरल्या वेळी आपोआप उघडणारी आणि बंद होणारी कुलपं हवी झाली, आणि घरातच एक प्रोग्रामर आहे हे सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. "दोन महिने मदत कर," नवरा म्हणाला होता. त्या दोन महिन्यांना आता नऊ वर्षं होत आली होती.

कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत. वेल्डर, हिशेबनीस, फाटकावरचा रखवालदार, झाडून सगळे. मॅडम असती तर तिला रजा मागता आली असती, एखाद्या दिवशी भडकून राजीनामा टेबलावर आपटता आला असता. वहिनीला ती सोय नसते. घर कारखान्याच्या कुंपणाला लागूनच होतं, ती तापानं फणफणलेली असली तरी कुणी ना कुणी दारात उभं राहून म्हणायचं, "वहिनी, झोपा तुम्ही, फक्त एवढं एकच बघा."

त्या वर्षी तिनं घरात कुणाला न सांगता नकाशांचं काम करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत अर्ज केला. मुलाखती तिनं कारखान्यामागं उभ्या केलेल्या गाडीत बसून, काचा वर करून दिल्या. निवड झाली. तिथल्या अधिकारी बाई फोनवर म्हणाल्या, "शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत हो की नाही ते कळवा. त्यानंतर मला दुसऱ्या उमेदवाराला विचारावं लागेल." आठवडाभर ती नवऱ्याशी बोलायला तोंड उघडायची आणि भलतंच काही बोलून जायची. शुक्रवार उजाडला.

शुक्रवारी कारखान्याला सुटी असे. नवरा आणि सासूबाई मुलाला घेऊन नणंदेकडे गेले होते. ती मागं राहिली, कारण दुसऱ्या दिवशी औषधकोठाराची माणसं दार बघायला येणार होती आणि त्यांनी ऐन वेळी एक बारीकसा बदल सांगितला होता. दाराच्या पडद्यावर तेरा, चौदा, सतरा असे तास दिसायचे. "आमच्या रखवालदारांना सतरा वाजले म्हणजे किती ते बोटांवर मोजावं लागतं," ते म्हणाले होते, "साधं पाच पीएम असं दिसू द्या." अर्ध्या तासाचं काम. आदल्या संध्याकाळी दमलेल्या डोळ्यांनी तिनं ते उरकलं होतं.

सकाळी रखवालदार तिला म्हणाला, "वहिनी, रात्री फेरी मारताना नमुन्याच्या खोलीचा दिवा हिरवा दिसला. दार उघडं होतं." ते दार सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एवढंच उघडावं असं ठरलेलं होतं. "बघते," ती म्हणाली, आणि डोक्यात सहा वाजताचा फोन असल्यामुळे विसरून गेली.

नमुन्याची खोली म्हणजे कारखान्याच्या आत बांधलेली एक खरीखुरी तिजोरीखोली. भिंतीत पोलाद, वर हवेसाठी हाताएवढी जाळी, आत एक टेबल आणि दोन खुर्च्या. दुपारी बारा वाजून गेल्यावर ती आतल्या बाजूच्या पडद्यावरची अक्षरं तपासायला गेली. लॅपटॉप बाहेरच राहिला. थोड्या वेळानं सासरे आले.

"अक्षर बारीक आहे," ते उंबऱ्यावरून म्हणाले.

"इथून बघा, बाबा. तिथून चकाकतं."

ते बिचकत दोन पावलं आत आले. दार जड होतं, आणि जड दार आपोआप मिटावं अशी त्याची बिजागरी खुद्द त्यांनीच बसवलेली. ते मिटलं. त्याचं तिला काही वाटलं नाही; सकाळपासून ती हिरवं बटण दाबून दहादा बाहेर गेली होती. दोघं अक्षरांवरून वाद घालत राहिले. पडद्यावर एक वाजला आणि दाराच्या पोटात खट्ट असा आवाज झाला.

तिनं बटण दाबलं. दार हललं नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर ओळ आली, ‘दार उघडण्याची वेळ नाही’.

तिला त्याच क्षणी सगळं कळलं.

"उघड," सासरे म्हणाले.

"उघडत नाही. आतली हाताची कडी कुठंय?" अडीअडचणीला हातानं फिरवून दार उघडावं म्हणून आत एक कडी असायचीच. आता तिथं नुसतं भोक होतं.

"मुलामा द्यायला पाठवली," ते हळूच म्हणाले. "उद्या पाहुणे येणार म्हणून."

फोनला रेंज नव्हती. त्या भिंतींतून ती येणारही नव्हती. जाळीकडे तोंड करून तिनं हाका मारल्या. बाहेर यंत्रांचा रिकामा हॉल होता आणि रखवालदार पार तिकडे फाटकावर. सासऱ्यांनी दाराला खांदा लावला. मग खुर्ची उचलून आपटली. खुर्चीचा पाय मोडला, दारावर चरादेखील उठला नाही. चांगल्या मालाची अशी शिक्षा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळत होती.

"आठ वाजता उघडेल," ती म्हणाली.

"उद्या सकाळी?"

"नाही. आज रात्री आठला. नक्की."

तेव्हा तिचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर घाम, आणि हात शर्टाचं वरचं बटण शोधत होता, ते आधीच उघडलेलं असताना. आजवर गिऱ्हाइकांना ही खोली दाखवताना ते उंबऱ्यावरच उभे राहत, एक हात चौकटीवर. ती त्यांची ऐट आहे असं तिला वाटायचं. जन्मभर बंद खोल्यांची दारं विकणारा हा माणूस बंद खोलीला भीत होता, आणि हे बहुधा सासूबाईंखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

"बसा, बाबा. हवा येतेय, ती बघा जाळी."

"बोलत राहा," ते म्हणाले. "काहीही बोल. थांबू नकोस."

मग ती बोलत राहिली. जवळ होतं ते, म्हणजे आपली चूकच, तिनं त्यांना समजावून सांगितली. घड्याळाच्या पोटात दुपारचा एक म्हणजे तेरा असतो. माणसांना दाखवताना त्यातून बारा वजा करून पुढे पीएम लिहायचं. तिनं ते केलं, पण दारही आपला तास पडद्यावरच्या त्याच मजकुरातून उचलतं, पहिला आकडा तेवढा वाचतं आणि पीएमकडे बघत नाही, हे ती विसरली. म्हणून दुपारच्या एकाला त्याला वाटलं, रात्रीचा एक झाला.

"आणि रात्रीच्या आठला वाटेल, सकाळ झाली," सासरे म्हणाले. डोकं तल्लख होतं त्यांचं.

"हो. म्हणून काल रात्री दिवा हिरवा होता. रखवालदारानं सांगितलं होतं मला."

"मग ऐकलं का नाहीस?"

त्यांचा श्वास पुन्हा चढायला लागला तशी ती घाईनं पुढे म्हणाली, "रात्री बारानंतर घड्याळात शून्य असतं. पण शून्य वाजले असं कुणाला सांगणार? म्हणून शून्याचे बारा करायचे. आणि दुपारच्या बारांतून मात्र काही वजा करायचं नाही."

"का?"

"केलं तर भर दुपारी शून्य वाजतील."

"म्हणजे शून्याचे बारा, बाराचेही बारा." त्यांनी डोळे मिटले. "एकूण बारा आपलेच वाजले."

ती हसली. तेही थोडंसं हसले. त्या हसण्यावर जरा वेळ निघाला. मग तिनं मुलाच्या शाळेचं सांगितलं, नणंदेच्या नव्या घराचं सांगितलं, लहानपणी पोहायला शिकताना नाकातोंडात पाणी गेलं होतं ते सांगितलं. घसा कोरडा पडला. पाण्याची बाटली बाहेर लॅपटॉपजवळ होती. तीननंतर कधीतरी तिच्याजवळचं बोलणं संपलं. ती गप्प झाली की त्यांची बोटं पुन्हा शर्टाचं बटण शोधायला लागत.

"बोल," ते म्हणाले.

"मला दुसरीकडे नोकरी मिळालीय."

बोटं थांबली.

"घरात कुणाला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला का सांगतेस?"

"बोलत राहा म्हणालात. दुसरं काही उरलं नाही." मग ती म्हणाली, "आणि बाहेर असतो तर तुम्ही उठून गेला असता."

"आत्ताही गेलो असतो."

आश्चर्य म्हणजे त्यांचा श्वास आता नीट चालला होता; राग भीतीवर चढून बसला होता.

"तुला इथं कमी काय आहे?" ते म्हणाले. "कुणी अपमान केला? कुणी कामावरून बोललं?"

"नाही."

"घर सोडून जाणारं माणूस बोलतं तसं बोलतेयस."

"घर नाही सोडत, बाबा. टेबल सोडतेय."

"आपल्याकडे ती दोन्ही एकच आहेत," ते म्हणाले.

ते खरंच होतं, आणि म्हणूनच तिला एकदम गुदमरल्यासारखं झालं. नऊ वर्षांत कुणी तिचं वाकडं केलं नव्हतं. केलं असतं तर निदान भांडण तरी झालं असतं. ती उठली, चार पावलांत समोरची भिंत आली, ती वळली, चार पावलांत ही भिंत. तिनं बटण दाबलं. उघडणार नाही हे ठाऊक असताना तिनं ते पाचसहा वेळा दाबलं. पडदा प्रत्येक वेळी नम्रपणे तेच सांगत राहिला.

"बस खाली," आता सासरे म्हणाले. "हवा येतेय."

सहा वाजले तेव्हा ती पडद्याकडेच बघत होती. आकडा बदलला, एवढंच.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. त्यांना सहापर्यंत उत्तर हवं होतं."

त्यांनी तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. शेवटचे दोन तास सर्वांत वाईट गेले. भीती परत आली तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं, आणि ती पुन्हा बोलायला लागली, काय बोलली ते तिला नंतर आठवेना.

आठ वाजता खट्ट झालं. तिनं बटण दाबलं आणि दार मुकाट्यानं उघडलं. सासरे हॉल ओलांडून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले आणि उघड्यावर तोंडानं हवा प्यायल्यासारखी घेत राहिले. घरात दिवे लागले होते. नवरा अंगणात गाडीतलं सामान उतरवत होता.

"आलात?" तो म्हणाला. "आम्हाला येऊन तास झाला. तुम्ही दोघं कामात असाल म्हणून हाक नाही मारली."

तिच्या फोनवर त्या बाईंचे दोन कॉल येऊन गेलेले होते, आणि सातनंतरचा एक छोटासा निरोप, सभ्य शब्दांत लिहिलेला. तिनं पुढच्या दिवशी फोन करून पाहिला. जागा गेली होती.

शनिवारी पहाटेच तिनं दाराचा तास आणि पडद्यावरचा मजकूर एकमेकांपासून तोडून टाकले. दार आता सरळ घड्याळाच्या पोटातला आकडा वाचू लागलं. सासऱ्यांनी मुलामा अर्धवट झालेली कडी परत आणवली आणि स्वतःच्या हातानं बसवली. पाहुणे दार बघून खूश झाले.

रात्री जेवताना सासरे तिच्या नवऱ्याला म्हणाले, "हिच्या जागी माणूस बघ."

त्याचा घास हातातच राहिला. "बाबा, एक चूक झाली म्हणून? इतकी वर्षं तिनं एकटीनं ओढलंय सगळं!"

आपल्या बाजूनं तो असा बोलताना तिनं पहिल्यांदाच ऐकलं, तेही उलट्या दिशेनं, तिला थांबवण्यासाठी. "चुकीमुळे नाही," ती म्हणाली. "मला जायचंय." मग तिनं सगळं सांगितलं, गाडीतल्या मुलाखतींसकट. तो तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं जाहिरात दिली.

नवी प्रोग्रामर मिळाली, चाळिशीची, शांत बाई. ती त्या बाईंना शिकवू लागली. दर शुक्रवारी सासरे विचारायचे, "झाल्या का त्या तयार?" आणि ती म्हणायची, "अजून थोडं राहिलंय." असे कित्येक आठवडे गेले. एकदा त्यांनी प्रश्न विचारला, तिनं तेच उत्तर दिलं, आणि ते तिच्याकडे चष्म्यावरून बघत राहिले.

"थोडं त्यांचं राहिलंय की तुझं?"

नव्या बाई केव्हाच तयार झाल्या होत्या. आठवड्यापूर्वी त्यांनी तिचीच एक चूक तिला दाखवली होती. ती टेबलाशी जाऊन बसली आणि आपण कधीपासून खोटं सांगतोय ते तिला समजेना. त्या संध्याकाळी तिनं तीन ठिकाणी अर्ज पाठवले. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसरी जागा आधीच्या मानानं लहान होती, जायला दोन बस बदलाव्या लागणार होत्या. निवड झाल्याचं कळलं त्याच दिवशी तिनं होकार कळवला.

कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी ती सासऱ्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते बिजागऱ्या पुरवणाऱ्या माणसाशी फोनवर तावातावानं भांडत होते. ती थोडा वेळ थांबली. त्यांनी फोन कानावरून न काढता दुसरा हात वर केला, ठीक आहे, जा, अशा अर्थाचा, आणि पुन्हा त्या माणसावर ओरडायला लागले.