सरदाराचा ओलीस

बेथागनं दोन पोरं एकदमच अंगावर पाजली होती. एक पोटचा यूअन, दुसरा सरदार टॉर्किलचा लाख्लन. डोंगराळ मुलखातली रीतच ती. सरदाराचा मुलगा कुळाच्या घरी वाढायचा आणि ते कूळ सरदाराशी जन्माचं बांधलं जायचं. बेथागला या मानाचा कोण तोरा! शेजारणींना ऐकवून ऐकवून तिनं वात आणला होता.

आज सरदार मुलाला न्यायला आला, सोबत राजाचा अधिकारी. सरदाराच्या माणसांनी खालच्या मुलखातली गुरं पळवली होती, म्हणून राजानं त्याचा मुलगा ओलीस मागितला होता. पुन्हा एक जरी गाय पळवली, तर पोराला फाशी.

बेथागचा नवरा फेरखर यानं दोन्ही पोरांना पुढे उभं केलं. सरदारानं यूअनच्या खांद्यावर हात ठेवला. "हा माझा लाख्लन."

बेथागला हसूच येणार होतं. वर्षातून एकदा तोंड दाखवणाऱ्या बापाला पोर काय ओळखू येणार! "अहो सरदार, तो नव्हे," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तिला यूअनच्या अंगावर लाख्लनची चांदीच्या पिनेची शाल दिसली. सकाळी पोरांना फेरखरनं तयार केलं होतं. तो आता खाली मान घालून उभा होता.

"आई, सांग ना यांना, मी यूअन आहे!" पोर ओरडलं.

फेरखरनं लाख्लनचं तोंड हातानं दाबून धरलं. बेथाग धावली, तिनं यूअनला कवटाळलं. "माझा आहे हो हा! माझ्या पोटचा!"

"पाहिलंत?" सरदार अधिकाऱ्याला म्हणाला. "दूध पाजलंय ना, अशी माया असते आमच्याकडे."

"आमच्याकडच्या दायाही असंच रडतात," अधिकारी म्हणाला. त्यानं हळूच तिची बोटं सोडवली आणि यूअनला घोड्यावर घेऊन तो निघाला. बेथाग मागे धावायला गेली, तर सरदाराच्या माणसांनी तिला धरून ठेवलं.

घोडा दिसेनासा झाल्यावर सरदार फेरखरला म्हणाला, "येत्या पौर्णिमेला तयार राहा. खाली गुरं पुष्कळ आहेत."

फेरखरचा चेहरा पांढराफटक पडला. "सरदार, पुन्हा गुरं पळवणार नाही असा तुम्ही शब्द दिला होता... आमचं पोर..."

"तुझं पोर?" सरदारानं लाख्लनकडे बोट दाखवलं. "हे काय, इथंच तर आहे."