आचलच्या मापाचा अंगरखा

मी एक अंगरखा आहे, पण कापडाचा नव्हे; लोखंडाच्या बारीक कड्यांचा. पुस्तकांत माझ्यासारख्याला चिलखत म्हणतात. वलगावच्या ज्या घरात मी घडलो, तिथे मात्र मला कुणी चिलखत म्हटलं नाही. लीलाबाई मला 'लोखंडाचं गठुडं' म्हणायच्या. आणि गोपालराव, ज्यांनी मला घडवलं, ते 'आचलचं काम' म्हणायचे. शिंपी कपड्याला कपडा कुठे म्हणतो? मास्तरांचं काम, सरपंचाचं काम, तसं हे आचलचं काम.

आचल ही गोपालराव आणि लीलाबाईंची एकुलती मुलगी. अमरावतीच्या आखाड्यात ती लाठी आणि दांडपट्टा शिकली, आणि मग अकोल्याच्या दाऊदच्या पथकात गेली. दाऊदचं पोट गेट आणि खिडक्यांचे गज बनवण्यावर चालतं, जीव मात्र जुन्या लढायांत. वऱ्हाडावर इमादशाही होती तेव्हाचे शिपाई जसे लढत, तसं बोथट तलवारी घेऊन खरोखर भिडायचं, हा त्याच्या पथकाचा खेळ. खेळ म्हटला तरी घाव अंगावर बसतात. म्हणून चिलखत हवं, आणि तेही त्या काळी असायचं तसंच. चकचकीत स्टील चालत नाही. प्रत्येकाने आपलं चिलखत घरी करायचं, हा दाऊदचा नियम.

"बाबा, तुमी शिंपी हा ना? मंग मले लोखंडाचा अंगरखा शिवून द्या," आचल एक दिवस म्हणाली.

"याले सुई कोनती लागते?" गोपालरावांनी मान वर न करता विचारलं.

"हातोडी."

"अन् शिलाई कोन देईन?"

"माया लग्नात वळती करून घ्या."

आतून लीलाबाईंचा आवाज आला, "आदी लग्न त कर वं बाई! लोखंड घालून फिरनाऱ्या पोरीले पाहाले येईन कोन?"

"पोलिसवाला येईन, आई," आचल म्हणाली, आणि शिलाई मशीन थांबवून गोपालराव हसले. माझ्या जन्माआधीचं हे बोलणं मी नंतर इतक्यांदा ऐकलं, की मी तिथे होतो असंच मला वाटतं.

मी आधी काळी तार होतो. मला सळईवर गुंडाळून माझे वेटोळे केले, वेटोळे कापून कड्या केल्या. कडीची दोन्ही टोकं ठोकून चपटी करायची, त्यांत भोक पाडायचं, ती कडी चार शेजारणींमधून ओवायची आणि टोकांवर बारीक खिळा ठोकून तोंड बंद करायचं. एकेक कडी अशी. एखादी कडी चुकीची ओवली तर सगळी वीण तिरपी जायची. मग सोबत ओवायला बसलेले दोघं बापलेक एकमेकांकडे संशयाने बघायचे, आणि चूक बहुतेक वेळा बापाची निघायची.

आतून घालायची, पिंजलेल्या कापसाची रुई भरलेली बंडी गोपालरावांनी वेगळी शिवली. ती त्यांना सोपी गेली. मी अवघड गेलो, आणि माझ्यात त्यांनी एक चूक केली. ती चूक शाळेचे ड्रेस शिवणारा शिंपीच करू शकतो. जूनमध्ये शिवलेला ड्रेस मार्चपर्यंत पुरला पाहिजे, म्हणून मुलाच्या वाढत्या अंगासाठी ते जागा सोडून शिवत. गावातली सगळी पोरं जूनमध्ये ढगळ दिसत. हात तसाच वळलेला. माझ्याही दोन्ही कुशींना, म्हणजे काखेखालच्या बाजूंना, त्यांनी कड्या जास्त लावल्या.

सरावाला अकोल्याच्या मैदानात आचल मला घालून उभी राहिली, तर मी तिच्या खांद्यांवरून पोत्यासारखा लोंबत होतो. दाऊद कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"चाचा, फौजेत पाठवून राहिले का पाचवीत?"

"वाढतं अंग हाय," गोपालराव म्हणाले.

"बाबा!" आचल ओरडली. "मी चोवीस वर्षांची हावो."

माझा भार खांद्यांवरून उतरून कमरेच्या पट्ट्यावर यायला हवा. मी ढगळ, त्यामुळे सगळा भार खांद्यांवरच. पहिल्याच झुंजीत वळताना तिचा तोल गेला आणि ती पडली. हसतच उठली, पण खांदे काळेनिळे झाले होते. परतताना गोपालराव एसटीत मांडीवर मला घेऊन बसले होते आणि वाटेतच पकडीने माझी कूस सोडवू लागले होते.

दिवाळीनंतर बाळापूरजवळच्या मैदानावर पथकाची मोठी लढत ठरली होती. त्या लढतीत मला घालून उतरायचं, एवढंच आचलच्या डोक्यात होतं. बाकी काहीही ती पुढे ढकलायला तयार होती. लग्न, नोकरीची परीक्षा, सगळं दिवाळीनंतर.

उन्हाळ्यात तिला ताप येऊ लागला. आधी ऊन लागलं म्हणाले. मग अमरावतीला रक्त तपासलं, आणि मग नागपूरला नेलं. घरात रक्ताच्या आजाराचं नाव कुणी घेत नसे. 'नागपूरचं' म्हणत. नागपूरचं औषध, नागपूरची तारीख. माणसं भीतीला गावाचं नाव देतात, म्हणजे ती दूर राहते असं त्यांना वाटतं.

दर वेळी नागपूरहून आली की ती मला घालून बघायची. आणि दर वेळी मी सैल व्हायचो.

मी तर लोखंड. मी वाढत नाही, आटत नाही. पण ती झोपली की गोपालराव मला खाली काढत, पाठीतून, काखेतून कड्या कमी करत आणि तोंडं पुन्हा ठोकून बंद करत. लीलाबाई दाराशी उभ्या राहून बघत. एकदा त्या म्हणाल्या, "कावून करता हे? तिले समजत नसन का?" गोपालराव पुढची कडी ठोकत राहिले. पुढच्या वेळी आचलने मला घातलं तेव्हा तेच पहिल्यांदा बोलले, "पाय बरं, जसाच्या तसा बसून राह्यला!"

"हो ना," ती म्हणाली.

आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या त्या माणसाने या सगळ्या काळात मुलीच्या अंगाला टेप लावली नव्हती. सगळं नजरेच्या अंदाजाने. अंदाजाला आकडा नसतो.

श्रावणात एका सकाळी ती दुकानात येऊन बसली. डोक्याला रुमाल बांधलेला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिने खुंटीवरची टेप काढली आणि वडिलांच्या गळ्यात टाकली.

"बाबा, माप घ्या."

"कायचं माप? बरोबर त बसते."

"तुमी बोला, मी लिवते."

लहानपणापासून हे तिचं काम. शिंप्याने माप मोठ्याने बोलायचं आणि तिने खडूने कापायच्या टेबलावर लिहायचं. ती खडू घेऊन बसली. गोपालराव उठले. त्यांनी तिच्या छातीभोवती टेप फिरवली, कमरेभोवती फिरवली, खांद्यावर ठेवली आणि एकेक आकडा नेहमीच्या आवाजात बोलत गेले. ती लिहीत गेली. लिहून झाल्यावर तिने टेबलाकडे बघितलं.

"हे त मांगच्या सालचं माप हाय," ती म्हणाली.

गोपालराव टेपची गुंडाळी करू लागले.

"बाबा, मले वजन समजते. घातला का पयले खांद्यालेच समजते. हरेक खेपेले हलका होऊन राह्यला. तुमी मले फसवून राह्यले, अन् मी तुमाले. दोघंयबी दमलो आता." तिने टेबलावरचे आकडे तळहाताने पुसले. "खरं बोला. जेवढी हावो तेवढं बोला."

त्यांनी पुन्हा टेप लावली. या वेळी आकडा त्यांच्या तोंडातून निघेना. ओठ हलत, आवाज येत नसे. ती त्यांच्या ओठांकडे बघून लिहीत गेली. शेवटचा आकडा लिहून झाल्यावर तीच मोठ्याने म्हणाली, "बस. याच्यात एकबी कडी जास्त लावाची नाही. वाढतं अंग नाही आता."

मग मला पुन्हा सोडवलं. या वेळी चोरून नाही, तिच्यासमोर. पाठीतून कड्या काढताना वीण विरळ झाली होती, तीही तिने नीट करून घेतली. दाऊद अकोल्याहून आला आणि दिवसभर दोघांसोबत बसला. जाताना तो आचलला म्हणाला, "बाळापूरला तुयी जागा पयल्या रांगेत ठेवतो."

"ठेवजा," ती म्हणाली. "मी नाही आली त मोकळीच ठेवजा. कोनाले उभं करू नका."

एका दुपारी मी पूर्ण झालो. तिने रुईची बंडी घातली, वरून मला घातलं. पट्टा आवळला. आरशापुढे ती उभी राहिली, हात टेकायला टेबल धरून. या खेपेला मी कुठेही लोंबत नव्हतो. माझ्या कड्यांना तिची एकेक बरगडी कळत होती. ती घामाने भिजली होती.

"लय जड हाय," ती म्हणाली. "पन बरोबर हाय, बाबा."

तेवढं एकदाच.

पोळ्यानंतर ती गेली.

बाळापूरची लढत झाली. पहिल्या रांगेत एक जागा मोकळी होती, असं दाऊदने येऊन सांगितलं. गोपालराव गेले नव्हते. लीलाबाईंनी आचलचे कपडे रीतीप्रमाणे देऊन टाकले. मी कुणाला देणार? तेवढं बारीक अंग गावात फक्त लहान मुलांचं. मी दुकानातच राहिलो, शिवून झालेले पण गिऱ्हाइकाने न नेलेले कपडे टांगतात त्या दांडीवर. गोपालराव मला हात लावू देत नसत. तेल लावून पुसायला लीलाबाई आल्या, तर म्हणाले, "राहू दे. तिचा घाम हाय त्याच्यात."

घामात मीठ असतं. मला तेच खाऊ लागलं. काखेत, गळ्याशी, कुशीला मी तांबडा झालो. खाली टेबलावर माझी पूड पडायची. गोपालराव ती झटकत नसत.

परवा दाऊद आला. सोबत त्याची भाची अलीझा. पथकात नवी आहे. ती दाराशीच उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. दाऊदने माझी कूस दोन बोटांत धरली. एक कडी तुटून त्याच्या हातात आली.

"चाचा, हे टांगून ठेवाची चीज नाही. अंगावर हललं का कडी कडीले घासते, साफ राहाते. नाही हललं त पावसाळ्यापर्यंत तुमच्या हाती कायबी राहनार नाही."

"अन् या पोरीच्या अंगावर घालाले कुशी उसवा लागन," गोपालराव म्हणाले.

"लागन."

"मंग आचलचं माप राहनार नाही."

दाऊदने तुटलेली कडी टेबलावर ठेवली. अलीझाच म्हणाली, "काका, मी दुसरं बनवते. मामूनं सांगतलं म्हनून आली मी. ते नका उसवू तुमी."

गोपालरावांनी ती कडी उचलून तळहातावर घेतली. मग त्यांनी लीलाबाईंकडे बघितलं. लीलाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "ते लोखंड सडताना मले नाही पाहावत," त्या म्हणाल्या. "एक डाव पाह्यलं, बस झालं."

आज सकाळी त्यांनी मला दांडीवरून काढलं. टेबलावर पालथं ठेवलं. तेलाच्या फडक्याने पुसलं, गळ्यापासून खालपर्यंत. फडकं लाल झालं, मग काळं, मग त्यावर नुसतंच तेल उरलं. तिचा घाम गेला. मग त्यांनी पकड घेतली आणि डाव्या कुशीची पहिली कडी उघडली. उजवी कूस अजून बंद आहे. संध्याकाळी अलीझा येणार आहे, नव्या कड्या घेऊन.

अलीझा, तुला माझं एवढंच सांगणं. मला घालशील तेव्हा सांभाळून घालू नकोस. लढ. पड, ऊठ, धुळीत लोळ. घरी आलीस की मला लगेच पूस. माझ्यात कुणाचा घाम ठेवू नकोस. त्याने लोखंड टिकत नाही आणि माणूसही परत येत नाही.

आणि आचल, जगात तुझ्या खऱ्या मापाचं एवढंच होतं. उजवी कूस उघडेपर्यंत ते अर्धं उरलं आहे. गोपालरावांनी पकड खाली ठेवली आहे. ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले आहेत. दिवस बराच बाकी आहे, आणि आज त्यांना कसलीच घाई नाही.