असली तबकडी

श्रीरंग गेल्यापासून हेमलता एकच शब्द बोलत होती, असं तिच्या मुलीचं, रेवतीचं म्हणणं. चालेल. स्कूटर विकायची का? चालेल. बाबांचे स्वेटर ऑफिसातल्या शिपायांना देऊ या? चालेल. क्वार्टर सोडावं लागेल तेव्हा गुरुग्रामला माझ्याकडे येशील ना? चालेल. आर. के. पुरमच्या त्या सरकारी घरातून एकेक वस्तू जात राहिली आणि हेमलता रिकामी झालेली जागा पुसून घेत राहिली. तिला दुःख होत होतं असंही म्हणता आलं नसतं. तिला काहीच होत नव्हतं. वरणात मीठ घालायचं राहिलं तरी ती जेवून उठायची आणि रेवती पहिल्या घासाला तोंड वाकडं करायची तेव्हा तिला कळायचं.

घड्याळाचा विषय रेवतीनेच काढला. श्रीरंग रोज सकाळी दात घासून झाले की त्याला चावी द्यायचा. तो गेल्यावर कुणी दिली नाही, ते बंद पडलं. रेवतीने एका रविवारी चावी देऊन पाहिली, तर थोडं चाललं आणि पुन्हा थांबलं. आतलं तेल सुकलं असणार, सर्व्हिसिंग करायला हवं, असं तिने इंटरनेटवर वाचून ठरवलं. हेमलता म्हणाली, चालेल.

श्रीरंग केंद्र सरकारच्या पाण्याच्या खात्यात इंजिनिअर होता. चैन म्हणावी अशी गोष्ट त्याने आयुष्यात एकच केली. दिल्लीतल्या एका व्यापाऱ्याकडून त्याने हे स्विस घड्याळ सेकंडहँड घेतलं. स्टीलचं, त्याच्याहून वयाने मोठं, साईच्या रंगाच्या तबकडीचं. आठच्या आकड्याखालून एक डाग आत पसरला होता, बशीत चहा सांडावा तसा. डाग श्रीरंगचा नव्हता, आधीच्या मालकाचा होता, आणि तो मालक कोण हे व्यापाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. घरात मात्र त्या मालकाला नाव होतं. त्याच आठवड्यात, संक्रांतीला, ऑफिसातल्या मराठी मंडळींबरोबर ते काला अंबला, पानिपतच्या युद्धस्मारकाला, जाऊन आले होते. पानिपतानंतर भाऊसाहेब पेशव्यांचं नेमकं काय झालं याची लोकांना कित्येक वर्षं खात्री वाटत नव्हती, तसंच या गृहस्थांचं, म्हणून तेही भाऊसाहेब.

"अहो, तो डाग काढून आणा ना एकदाचा," हेमलता म्हणायची.

"भाऊसाहेब यमुनेत उतरले होते गं घड्याळ घालून. खूण आहे ती."

"मग भाऊसाहेबांनाच पाठवा दूध आणायला."

घड्याळ पाच मिनिटं मागे पडलं की भाऊसाहेबांना आज उठवत नसायचं. श्रीरंग ऑफिसातून उशिरा आला की त्याला भाऊसाहेबांनी गप्पा मारत थांबवून घेतलेलं असायचं. असा एक तिसरा माणूस त्या घरात पंधराएक वर्षं राहत होता.

ग्रेटर कैलाशच्या मार्केटमध्ये सब्बरवाल नावाचे गृहस्थ जुनी घड्याळं दुरुस्त करायचे. रेवती त्यांच्याकडे घड्याळ ठेवून आली. येताना बजावून आली की पॉलिश करायचं नाही, एकही ओरखडा जाता कामा नये, जुना पार्ट चालत असेल तर बदलायचा नाही. सब्बरवालांनी मान डोलावली आणि ते कामाला लागले. आठवडाभराने त्यांचा मेसेज आला. हेमलता तेव्हा सोफ्यावर मटार सोलत होती.

"आई, सब्बरवाल म्हणतायत, डागाच्या इथे रंग सुटतोय. अजून पसरेल. पूर्ण साफ करून नवीन पेंट करायचा का? त्यांनी दुसऱ्या एका घड्याळाचं केलंय, सेम मॉडेल. फोटो पाठवलाय, बघ ना."

हेमलताने हात पदराला पुसून फोन घेतला. तबकडी पांढरीफेक होती, बाथरूमच्या नव्या टाइलसारखी. आकडे काळेभोर. कुठे काही नाही.

"असली तबकडी नको त्याला," ती म्हणाली.

रेवती तिच्याकडे बघत राहिली. "तबकडी म्हणजे डायल ना?"

"हो."

"नको? पक्का?"

"नक्की. मुळीच नको."

"बिल्कुल, आई. तू म्हणशील तसं." रेवतीचा चेहरा एकदम खुलला. ती भराभर टाइप करायला लागली. हेमलताने पुन्हा मटार हातात घेतले. पाय अवघडून बधिर व्हावा आणि जरा हलवल्यावर त्याला मुंग्या याव्यात, तसं तिला कुठेतरी होत होतं. नको म्हणून बरेच दिवस झाले होते.

पुढच्या शनिवारी रेवती घड्याळ घेऊनच आली. चप्पलसुद्धा न काढता तिने डबी आईच्या हातात दिली. "उघड."

हेमलताने उघडली. टाइलसारखी तबकडी तिच्याकडे बघत होती. सेकंदकाटा गुळगुळीत फिरत होता.

"हे कोणाचं?" तिने विचारलं.

"कोणाचं काय? बाबांचं!"

हेमलताने ते उलटं करून पाहिलं. ऑफिसच्या लोखंडी कपाटावर आपटून पडलेला ओरखडा होता. चावीची एक बाजू झिजलेली होती. पट्ट्याचं तिसरं भोक फाकलेलं होतं. सगळं श्रीरंगचं, जागच्या जागी. तिने पुन्हा सुलटं केलं.

"डाग कुठाय?"

"काढला ना. तूच म्हणालीस."

"मी? मी नको म्हणाले होते."

"हो! असली नको म्हणालीस. म्हणून मी त्यांना लिहिलं, ओरिजिनल डायल नको, नवीन पेंट करा. मी दोनदा विचारलं तुला, यार आई!"

"असली म्हणजे ही असली! ही अशी! फोटोतली!"

"असली म्हणजे असली. नकलीच्या उलट."

"ते हिंदीत."

"मग तू कुठल्या भाषेत बोलत होतीस?"

"तुझ्या आईच्या!" हेमलता म्हणाली, आणि आपला आवाज ऐकून दचकली.

रेवती खुर्चीत बसली. तिने तबकडीचा अर्थ विचारून घेतला होता. असलीचा विचारावा असं तिला वाटलंच नव्हतं. कारण तो शब्द तिला येत होता. "मला वाटलं, तुला तो डाग बघवत नसेल," ती म्हणाली. "खरं तर मी नाहीच म्हणणार होते. पण तू इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंस. मग मी वाद नाही घातला."

हेमलता घड्याळाकडे बघत होती. "तोतया आहे हा," ती म्हणाली.

"तो... काय?"

"पानिपतानंतर एक माणूस आला होता, मीच भाऊसाहेब म्हणून. पुण्यात लोकांनी ओळखून दाखवलंसुद्धा. तो तोतया."

"म्हणजे फेक."

"म्हणजे फेक."

दुसऱ्या दिवशी दोघी ग्रेटर कैलाशला गेल्या. सब्बरवाल साठीचे, पांढऱ्या शर्टातले, सावकाश बोलणारे. त्यांनी आधी मेसेज दाखवला. त्यात रेवतीने लिहिलेलं स्पष्ट होतं आणि त्यावर कुणाला काही बोलता येण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी भिंग लावून तबकडी पाहिली, आपल्या माणसाचं काम नीट झालंय याची खात्री केली आणि भिंग खाली ठेवलं.

"मैडम, एक रास्ता है," ते म्हणाले. "आपके पास पुराने डायल की फोटो तो होगी?"

"है," रेवती घाईने म्हणाली. "बहुत सारी हैं."

"तो हम वैसा ही बना देंगे. क्रीम कलर, ऊपर से दाग. चाय के पानी से करते हैं, फिर हल्की आँच. शौकीन लोग करवाते हैं. आप खुद नहीं पहचान पाएँगी."

रेवतीने आईचा हात धरला. "आई, हुबेहूब होईल. ते म्हणतायत ना. प्लीज."

हेमलताने सब्बरवालांच्या बोटांकडे पाहिलं. स्वच्छ, नखं कापलेली. हा माणूस खरंच तसा डाग करून देईल, याबद्दल तिला शंका नव्हती. आठच्या खाली, तेवढाच, त्याच आकाराचा. आणि कोणीच यमुनेत उतरलेलं नसेल.

"नहीं," ती म्हणाली. "रहने दीजिए."

"जैसा आप कहें."

"एक बात पूछनी थी. जो निकाला, वह कहाँ गया?"

"क्या, मैडम?"

"रंग. दागवाला."

हा प्रश्न त्यांना पूर्वी कुणी विचारला नसावा. "वह तो घुल गया, मैडम," ते म्हणाले. "केमिकल में डालते हैं न. कुछ बचता नहीं. नीचे सादा पीतल रह जाता है."

हेमलताने मान हलवली. उत्तर सरळ होतं. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी, ऑफिसच्या लोकांनी, दिवस करायला आलेल्या गुरुजींनी, सगळ्यांनी तिला काय काय सांगितलं होतं, पण काही उरत नाही असं सरळ कुणी म्हणालं नव्हतं. तिने घड्याळ डबीत ठेवलं आणि झाकण लावलं.

रेवती दुकानाच्या पायऱ्यांवर येईपर्यंत दम धरून होती. मग रडायला लागली. शेजारच्या दुकानापुढे मोमो खात उभ्या असलेल्या दोन मुली वळून बघायला लागल्या. हेमलताने रुमाल काढून तिला दिला. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पण कानशिलं गरम झाली होती आणि घशात काहीतरी चढत होतं, कडू, चांगलं जोरकस. ते काय आहे ते तिला लगेच ओळखता आलं नाही.

"तू काहीतरी बोल ना, आई," रेवती हुंदके देत म्हणाली. "शिव्या दे मला. चालेल म्हणू नकोस फक्त."

"नाही म्हणत. चालणार नाहीच आहे," हेमलता म्हणाली. "मला जोरात भांडायचंय तुझ्याशी."

"मग भांड की."

"इथे नाही. लोक मध्ये पडतील, आणि हिंदीत मला भांडता येत नाही. घरी चल आधी."

रेवती रडता रडता हसली, मग पुन्हा रडायला लागली. हेमलताने हात करून रिक्षा थांबवली आणि आर. के. पुरमला जायचं सांगून मुलीला आधी आत बसवलं.